गुहावाल्यांची राष्ट्रीय संघटना कशी चालते आणि आपण खानदेशात सुरुवात कुठून करायची

आमच्या चाळीसगावच्या ग्रुपवर हल्ली दर पंधरा दिवसांनी एकच विषय निघतो, की भाऊ आपण गुहांची एक राष्ट्रीय संघटना काढू, लेटरहेड छापू, अध्यक्ष ठरवू आणि मग जिल्ह्याजिल्ह्यात शाखा देऊ. उत्साह चांगलाच आहे, पण क्रम उलटा आहे, आणि तो का उलटा आहे ते नीट लिहावं असं बऱ्याच दिवसांपासून मनात होतं, म्हणून आज बसलो.

आधी एक झालेली गोष्ट सांगतो. दोन वर्षांपूर्वी श्रावणात यावलच्या वरच्या अंगाला सातपुड्यात कॉलेजची चार पोरं एका कपारीत शिरली, आत वाट अरुंद होत गेली, एकाचा पाय घसरला आणि तो दहा-बारा फूट खाली खबदाडीत पडला. बाकीचे तिघं रेंज शोधत डोंगर उतरले तोवर अंधार पडला होता. आम्हाला फोन आला रात्री साडेनऊला. आमच्याकडे दोर होते, हेल्मेट होती, माणसंही होती, पण आधी कोण निघणार, पोलिसांशी कोण बोलणार, वनखात्याला कोण कळवणार, गाडीत काय टाकायचं, यातलं एकही ठरलेलं नव्हतं. आम्ही पोचेपर्यंत पाड्यावरच्या लोकांनी बैलगाडीच्या चऱ्हाटाने त्याला वर काढलं होतं आणि तो चुलीपाशी चहा पीत बसला होता. पाय मोडला होता, जीव वाचला. त्या रात्री परतताना मला कळलं की संघटना म्हणजे हेच, कोणी काय करायचं ते आधी ठरलेलं असणं. बाकी शिक्का-लेटरहेड नंतर.

आता राष्ट्रीय संघटना म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर कबड्डी-क्रिकेटचं फेडरेशन येतं, ते नियम ठरवतं, टीम निवडतं, पंच नेमतं. गुहेत यातलं काहीच नाही, मॅच नाही, पंच नाही, पहिला-दुसरा नंबर नाही. आणि गुहा तर संघटनेच्या मालकीची कधीच नसते, ती कोणाच्या तरी शेतात, कोणाच्या तरी जंगलात असते. मग ती संघटना करते काय? जमीनमालकाशी बोलून आत जायची परवानगी मिळवणं, विमा काढणं, शिकवणाऱ्यांची परीक्षा घेणं, आत दोर अडकवायला खडकात ठोकलेल्या बोल्टांचा दर्जा सांभाळणं, गुहा खराब होऊ न देणं आणि नकाशे-नोंदी जपून ठेवणं. एवढंच. हे सगळं सेवेचं काम आहे, हुकूम सोडायचं नाही, आणि एकदा हे डोक्यात बसलं की रचना कशी असावी ते आपोआप सुचत जातं.

सगळ्यात चांगलं उदाहरण ब्रिटनचं, म्हणून त्यावर जरा जास्त वेळ देतो. तिथे २००४ पासून ब्रिटिश केव्हिंग असोसिएशन (केव्हिंग म्हणजे गुहांमधली भटकंती, ती करणारा तो केव्हर) काम बघते, त्याआधी नॅशनल केव्हिंग असोसिएशन होती. तळाला क्लब. बहुतेक माणसं क्लबमार्फत वर्गणी भरतात, क्लब ती वर पाठवतो, आणि ज्याला क्लब नकोय तो सरळपण सभासद होऊ शकतो. क्लबांच्या वर प्रादेशिक परिषदा आहेत, पाच. उत्तरेकडची यॉर्कशायर डेल्सच्या बाजूची, डर्बीशायरची, दक्षिणेकडची म्हणजे मेंडिप टेकड्यांच्या भागातली, वेल्सची आणि डेव्हन-कॉर्नवॉलची. बघा बरं, ही वाटणी सरकारी जिल्ह्यांवरून झालेली नाही, खडकावरून झालेली आहे. जिथे चुनखडीचा पट्टा तिथे गुहा, जिथे गुहा तिथे क्लब, आणि त्या पट्ट्यातल्या क्लबांची मिळून एक परिषद. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, पुढे परत येतो तिच्याकडे.

परवानगीचं खरं काम या परिषदाच करतात. डेल्समधल्या काही माळांवर गुहेत उतरायला परमिट लागायचं, ते परिषदेने मालकाशी ठरवलेल्या अटींवर क्लबांना मिळायचं. मालक तयार का होतो? त्याला भीती असते की आत कोणाचं काही झालं तर खटला माझ्यावर. तिथे विमा उपयोगी पडतो. राष्ट्रीय संघटनेच्या सभासदत्वात पब्लिक लायबिलिटीचा विमा असतो, म्हणजे सभासदामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं आणि दावा लागला तर तो विमा उभा राहतो. स्वतःचा पाय मोडला तर त्याचे पैसे यातून मिळत नाहीत, हा फरक आपल्याकडे भल्याभल्यांना माहीत नसतो. म्हणजे साखळी अशी की वर्गणीतून विमा, विम्यामुळे मालकाचा विश्वास, विश्वासामुळे परवानगी. राष्ट्रीय पातळीवर संघटना का लागते याचं उत्तर यातच आहे, कारण वीस माणसांच्या क्लबला असा विमा परवडत नाही, हजारोंच्या संघटनेला परवडतो.

मग राष्ट्रीय पातळीवर समित्या असतात, संवर्धन आणि परवानगीची एक, दोर-साहित्याची एक, प्रशिक्षणाची एक, अशा. प्रशिक्षणात दोन पायऱ्या वेगळ्या ठेवल्यात. एक स्थानिक लीडरची, ज्यात माणूस ठराविक भागातल्या ठराविक प्रकारच्या गुहांपुरताच लोकांना घेऊन जाऊ शकतो, आणि दुसरी पूर्ण इन्स्ट्रक्टरची, तिला खूप जास्त अनुभव लागतो. हे आपण जसंच्या तसं उचलावं असं माझं मत आहे, कारण आपल्याकडे एक बेसिक कोर्स केला की माणूस कुठल्याही दरीत कोणालाही उतरवायला लागतो. संशोधनासाठी ब्रिटिश केव्ह रिसर्च असोसिएशन वेगळी आहे, १९७३ साली दोन जुन्या संस्था एकत्र येऊन झालेली, ती राष्ट्रीय संघटनेत सामील आहे पण तिचं काम तिचंच. नकाशाचा दर्जा ठरवायची पद्धत तिची, उदाहरणार्थ पाचव्या दर्जाचा नकाशा म्हणजे कोन एका अंशापर्यंत आणि अंतर १० सेंटिमीटरपर्यंत बरोबर. आपल्याकडचे गुहांचे बहुतेक नकाशे अंदाजपंचे काढलेले असतात, निदान तसं लिहून तरी ठेवावं.

आणि रेस्क्यू? ते मुद्दाम बाजूला ठेवलंय. तिथल्या बचाव पथकांची आपली वेगळी परिषद आहे, ब्रिटिश केव्ह रेस्क्यू कौन्सिल. यॉर्कशायरमधल्या क्लॅपहॅमचं पथक तर १९३५ पासूनचं आहे. अडकलात तर फोन पोलिसांना करायचा, पोलीस त्या भागातल्या पथकाला बोलावतात, पथकातले सगळे स्वयंसेवक, बहुतेक तिथलेच केव्हर. नोव्हेंबर २०२१ मध्ये वेल्समधल्या ओगोफ फनॉन डू या गुहेत एक जण पडला, त्याला बाहेर काढायला ५४ तास लागले आणि देशभरातून अडीच-तीनशे माणसं आळीपाळीने आत गेली. एवढ्या लोकांना एकमेकांच्या गाठी, एकमेकांची भाषा, स्ट्रेचर उचलायची पद्धत सारखी माहीत होती, हे त्या रात्री ठरलं नाही, वर्षानुवर्षं एकत्र सराव करून झालं. थायलंडमध्ये २०१८ ला थाम लुआंग गुहेत १२ मुलं आणि त्यांचा कोच अडकले होते, तेव्हा त्यांच्यापर्यंत पहिले पोचलेले दोघं रिक स्टँटन आणि जॉन व्होलँथन हे असेच ब्रिटिश डायव्हर होते, हौस म्हणून गुहेत जाणारे.

मतदानात मात्र तिथेपण ओढाताण झालीय. बरीच वर्षं पद्धत अशी होती की ठराव व्यक्ती-सभासदांमध्येही पास झाला पाहिजे आणि क्लब-संस्थांमध्येही, दोन्हीकडे. कारण मोठ्या क्लबांनी छोट्यांना दाबू नये आणि गर्दीने परिषदांनाही दाबू नये. २०१४ मध्ये सगळ्या सभासदांना मत विचारलं होतं, की मोकळ्या माळरानावर फिरायचा हक्क देणारा जो कायदा आहे तो गुहांनाही लागू व्हावा म्हणून संघटनेने प्रयत्न करायचे का. बहुमत हो म्हणालं, पण मालकांशी वर्षानुवर्षं गोडीने संबंध जपलेल्या काही भागांना ते आवडलं नाही आणि वाद पुढे चालतच राहिला. माझं म्हणणं, असा वाद होणं चांगलं. जिथे वाद होत नाही तिथे एकच माणूस सगळं ठरवत असतो.

फ्रान्सची तऱ्हा निराळी. त्यांचं फेडरेशन १९६३ चं. तिथे वाटणी सरकारी नकाशाप्रमाणे, क्लब, मग देपार्तमाँ म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं, मग प्रदेश, मग राष्ट्र. आणि रेस्क्यू फेडरेशनच्या आतच, कारण अपघात झाला की हुकूम प्रीफेचा, म्हणजे साधारण आपल्या कलेक्टरसारख्या माणसाचा, आणि त्याला सल्ला द्यायला फेडरेशनचे जाणकार केव्हर नेमलेले असतात. अमेरिकेत नॅशनल स्पेलिओलॉजिकल सोसायटी १९४१ पासून आहे, तिथे माणूस सरळ राष्ट्रीय सोसायटीचा सभासद होतो आणि गावोगावच्या शाखांना ते ग्रोटो म्हणतात. या सगळ्यांच्या वर जागतिक संघटना आहे, १९६५ मध्ये स्लोव्हेनियातल्या पोस्टोयना इथे झालेली, तिच्यात प्रत्येक देशाला एकच मत, मग त्या देशात गुहा दहा असोत की दहा हजार.

आपल्या देशात सगळ्यात भक्कम काम मेघालयात झालंय. शिलाँगची मेघालय ॲडव्हेंचरर्स असोसिएशन १९९० ची, आणि १९९२ पासून बाहेरच्या देशातले केव्हर सोबत घेऊन त्यांनी दरवर्षी मोहिमा केल्या, ५०० किलोमीटरच्या वर भुयारी वाटा मोजून कागदावर आणल्या. त्यांनीही आधी गुहा मोजल्या, गावातल्या लोकांशी नातं जोडलं, मग नाव झालं.

आता आपल्या मातीकडे येऊ. मेघालयात चुनखडी आहे, पावसाचं किंचित आंबट पाणी चुनखडी विरघळवत जातं आणि हजारो वर्षांत किलोमीटरभर वाटा होतात. खानदेशात बेसाल्ट, म्हणजे आपला काळा पत्थर, तो तसा विरघळत नाही. म्हणून आपल्याकडे लांबलचक भुयारं नाहीत, आहेत त्या दोन लाव्हाथरांच्या मधला मऊ तांबडा थर झिजून झालेल्या कपारी, खबदाडी, धबधब्यामागच्या पोकळ्या, आणि मग माणसाने कोरलेली लेणी. पाटणादेवीच्या रानात नागार्जुन कोठी, सीतेची न्हाणी, पलीकडे पितळखोरा, साक्रीकडे भामेरच्या डोंगरात कोरलेल्या खोल्या, तोरणमाळला मच्छिंद्रनाथाची गुहा. कोणी म्हणेल मग इथे केव्हिंगची संघटना कशाला? मी म्हणतो म्हणूनच पाहिजे, कारण इथे प्रत्येक गुहेचा धनी वेगळा आहे आणि एकट्यादुकट्याला ते सांभाळणं होत नाही.

धनी कोण ते आधी समजून घ्या. पितळखोऱ्यासारखी संरक्षित लेणी पुरातत्त्व खात्याची, तिथे १९५८ चा कायदा लागतो, तिथे दोर-बोल्ट पिशवीतून बाहेर काढायचासुद्धा नाही, बघायचं आणि परत यायचं. गौताळा आणि यावल अभयारण्यात वन्यजीव कायदा १९७२ चा, लेखी परवानगी घेतल्याशिवाय आत पाऊल नको, आधी आरएफओ म्हणजे वनक्षेत्रपाल साहेबांना भेटा, ते पुढचा रस्ता सांगतात. अक्राणी, अक्कलकुवा हा पेसाचा, म्हणजे आदिवासी भागात ग्रामसभेला अधिकार देणाऱ्या कायद्याचा भाग, तिथे ग्रामसभेला विचारल्याशिवाय काही करू नका, आणि कायद्याचं सोडा, पाड्यावरचा म्हातारा जी कपार देवाची म्हणतो तिच्यात बूट घालून शिरायचं नाही म्हणजे नाही. त्या रात्री पोराला वर कोणी काढलं ते आठवा.

तर सुरुवात अशी करा. सात माणसं गोळा करा, सात का तर १८६० च्या सोसायटी कायद्याने संस्था नोंदवायला कमीत कमी सात लागतात, आणि महाराष्ट्रात सोबत १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात नोंदणी होते. पण सात आकडा भरायचा म्हणून मेव्हणा, भाचा, वहिनी असं करू नका, दोन वर्षांनी सही लागते तेव्हा कोणी सापडत नाही. प्रत्यक्ष डोंगरात येणारीच सात घ्या, त्यात दोन तरी मुली असाव्यात आणि एक तरी पायथ्याच्या गावचा. घटना लिहिताना उद्देशात 'गुहांचा शोध, नोंद, संवर्धन आणि सुरक्षित भटकंती' एवढंच सरळ लिहा. नावात राष्ट्रीय, भारत, अखिल भारतीय असले शब्द घालू नका, सरकारी आश्रयाचा भास होणाऱ्या नावांवर १९५० च्या बोधचिन्ह आणि नावांच्या कायद्याने बंधन आहे आणि अर्ज तिथेच अडकतो. दरवर्षी ऑडिट करा, पदाधिकारी बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाचा अहवाल टाका. आमच्या ओळखीची एक चांगली संस्था फक्त चेंज रिपोर्ट न टाकल्यामुळे अडकली, बँक खातं चालेना, भांडणं झाली, पोरं पांगली, वाईट वाटतं बघून.

अध्यक्ष-सचिव-खजिनदार कायद्यासाठी लागतातच, पण खरी पदं कामाची ठेवा. एकाकडे परवानग्या, कोणत्या जागेचा धनी कोण, पत्र कधी दिलं, उत्तर काय आलं. एकाकडे दोराची वही, प्रत्येक दोर कधी घेतला, किती वेळा वापरला, कुठे घासला, आणि ज्याच्याबद्दल शंका आली तो दोर त्याच दिवशी कापून टाकायचा, गाडी बांधायला म्हणूनसुद्धा ठेवायचा नाही. एकाकडे नोंदी आणि नकाशे. एकाकडे संवर्धन, म्हणजे वटवाघळं कुठे आहेत, कोणत्या महिन्यात पिल्लं असतात, तेव्हा ती जागा बंद. आणि सगळ्यांना प्रशिक्षण. गिर्यारोहण शिकलेल्यालाही गुहेचं वेगळं शिकावं लागतं, कारण डोंगरात आधी चढतो मग उतरतो, गुहेत आधी उतरतो आणि दमल्यावर चढायचं असतं, तेपण एकाच दोरावर. डोक्यावर हेल्मेट, प्रत्येकाजवळ तीन बॅटऱ्या. आग्यामोहोळ दिसलं तर त्या दिवशी मागे फिरायचं. खोल खड्ड्यात हवा तपासल्याशिवाय उतरायचं नाही, आपल्याकडे जुन्या विहिरीत गॅसने एकामागे एक माणसं गेल्याच्या बातम्या येतात, पहिल्याला वाचवायला दुसरा उतरतो आणि दोघं जातात, कपारीतपण तसंच होऊ शकतं.

कॉल-आउटचं मात्र पहिल्याच दिवशी ठरवा. आत जाणाऱ्या प्रत्येक गटाने गावात एका माणसाला लिहून द्यायचं, कोण गेले, कुठे गेले, किती वाजता बाहेर येणार आणि किती वाजेपर्यंत फोन नाही आला तर आरडाओरड करायची. तो माणूस ट्रेकला न जाणारा असावा, आमच्याकडे हे काम एक मेडिकलवाले काका करतात, दुकान रात्री साडेदहापर्यंत उघडं असतं आणि ते विसरत नाहीत. वेळ टळली की त्यांनी आधी आमच्या पथकाला, मग ११२ ला आणि जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाला १०७७ वर कळवायचं.

क्लब दोन-तीन वर्षं नीट चालला आणि शेजारी अजून दोन-चार क्लब उभे राहिले की मग परिषद. इथे ब्रिटन आणि फ्रान्स दोन्हीकडचं एकेक घ्यावं असं माझं ठाम मत आहे. परवानगी आणि संवर्धनाचं काम डोंगराप्रमाणे वाटायचं, म्हणजे एक सातपुड्याचा विभाग, तोरणमाळपासून पाल-यावलपर्यंत, आणि एक अजिंठा-सातमाळ्याचा, पाटणादेवी, पितळखोरा धरून. पितळखोरा कागदावर पलीकडच्या संभाजीनगर जिल्ह्यात आहे, पण चाळीसगावच्या पोरांना ते घरासारखं आहे, डोंगर जिल्ह्याची हद्द बघत नाही. रेस्क्यू मात्र जिल्ह्याप्रमाणेच वाटायचा, जळगाव, धुळे, नंदुरबार असं, कारण आपत्ती व्यवस्थापनाच्या २००५ च्या कायद्याने जिल्ह्याचा प्रमुख कलेक्टर असतो आणि रात्री बारा वाजता गाडी, ॲम्ब्युलन्स, पोलीस हे सगळं तिथूनच हलतं. वर्षातून दोनदा तहसीलदारांना, पोलिसांना बोलावून त्यांच्यासमोर स्ट्रेचरचा सराव करा, ओळख आधीची असली की फोनवर समजावत बसावं लागत नाही.

परिषदेत प्रत्येक क्लबला एक मत, सभासद वीस असोत की दोनशे, नाहीतर जळगावचा मोठा क्लब धडगावच्या छोट्या क्लबचं ऐकणारच नाही, आणि गुहा तर धडगावच्या आहेत. पदावर चार वर्षांच्या वर कोणी नको. परिषद झाली की राज्याकडे जा. महाराष्ट्रात गिर्यारोहण संस्थांचा महासंघ आहे, दिल्लीला इंडियन माउंटेनिअरिंग फाउंडेशन आहे, त्यांच्याशी बोला, त्यांचा अनुभव घ्या, वेगळी चूल मांडायची घाई नको. पैसे घेऊन लोकांना नेणार असाल तर राज्याचं साहसी पर्यटनाचं २०२१ चं धोरण वाचा, त्यात नोंदणी सांगितलीय. आणि राष्ट्रीय संघटना तेव्हा, जेव्हा मेघालय, छत्तीसगड, आंध्र आणि आपण असे चार-पाच पट्टे आपापल्या जागी उभे असतील आणि त्यांना एकत्र विमा आणि एकत्र परीक्षा पाहिजे असेल.

पहिली सभा रविवारी संध्याकाळी कोणाच्या तरी शेतावर ठेवा, वरण-बट्टी करा, पायथ्याच्या गावातले दोघं-तिघं येतील असं बघा. सभावृत्ताची वही नवी घ्या आणि पहिल्या पानावर हे लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या: ठराव क्र. १, आजपासून आपला कोणीही सभासद लेखी कॉल-आउट दिल्याशिवाय कोणत्याही गुहेत, कपारीत किंवा लेण्यात शिरणार नाही. ठराव क्र. २, जागेच्या धन्याची परवानगी आणि गावाचा होकार असल्याशिवाय जाणार नाही. सूचक आणि अनुमोदक यांची पूर्ण नावं लिहा, तारीख टाका.